तोच खडक, की दुसरा?

आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही असे कल्याण, उल्हासनगर, आंबिवलीकडचे लोक शहाडला येतात. सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याच्या परिसरात बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ आहे, जवळच उल्हास नदी. पहाटेपासून रांग लागते. हातात तुळशीची माळ धरलेल्या बाया, टाळ घेऊन आलेली दिंडीतली पोरं, रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट आलेले कामगार. ‘हा विठ्ठल तोच का?’ असं त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर तयार असतं: पंढरपूरचा विठ्ठल तरी एका जागी कुठे राहिला? ती मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असं वारकरी परंपरा मानते. पुढच्या धामधुमीतही ती गावाबाहेर नेऊन लपवल्याच्या हकिगती आहेत. मूर्ती हलली, देऊळ पडलं, पुन्हा बांधलं, विठ्ठल तोच.

भक्ताचा निकाल असा चटकन लागतो. तत्त्वज्ञाला तो इतका स्वस्तात मिळत नाही. एखादी गोष्ट मोडली, हलली, पार नाहीशी होऊन पुन्हा उभी राहिली, तर उभं राहिलं ते पहिलंच की दुसरं काही? आणि दुसरं असेल, तर पहिल्याचं देणंघेणं त्याच्याकडे येतं का?

कल्याण-शहाडच्या परिसराला हा वाद परका नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण हे खाडीवरचं नावाजलेलं बंदर होतं. इथले व्यापारी, सोनार, लोहार कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना दानं देत, आणि त्या दानांचे लेख आजही दगडावर आहेत. ज्या भिक्खूंना ही दानं मिळत ते नित्य आत्मा मानत नसत. त्यांच्या परंपरेतल्या ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद नागसेन भिक्खूला विचारतो, की जो जन्मतो तो तोच राहतो, का दुसरा होतो? नागसेनाचं उत्तर असं, की धड तोच नाही आणि धड दुसराही नाही. दिवा रात्रभर जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहराला उरलेली नसते, तरी रात्रभर उजेड देणारा दिवा एकच. टिकते ती संतती, म्हणजे एकातून दुसरं उपजण्याची अखंड ओळ.

शंकराचार्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या दुसऱ्या अध्यायात त्यांनी क्षणिकवादी बौद्धांना चांगलंच फैलावर घेतलं आहे. काल पाहणारा आणि आज आठवणारा एकच नसेल, तर आठवण कुणाची? दोन क्षण एकमेकांसारखे आहेत एवढं म्हणायलाही ते दोन्ही पाहणारा कुणीतरी टिकून राहावा लागतो. हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो जाणणाऱ्याबद्दलचा आहे. जिथे जाणणारा कुणीच नाही, तिथे काय करायचं?

या खटल्यासाठी प्रवाळाच्या खडकाइतका चांगला साक्षीदार सापडणार नाही.

खडक बांधणारा प्रवाळ हा बहुधा काही मिलिमीटरचा जीव. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो बुडाशी चुन्याचा सांगाडा रचतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असतं; ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. म्हणून या प्रवाळाला ऊन हवं, आणि उन्हासाठी उथळ, नितळ पाणी हवं. जीव मरतो, सांगाडा राहतो, त्याच्यावर पुढची पिढी बसते. अख्ख्या खडकात जिवंत असतो तो वरचा पातळ थर. खाली सगळे पूर्वज.

चार्ल्स डार्विन १८३६ साली हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यात एक धाडसी कल्पना होती. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, आणि त्याच्या कडेचा प्रवाळ उजेड सुटू नये म्हणून तितक्याच संथपणे वर वाढत राहतो. शेवटी बेट बुडतं आणि पाण्यावर प्रवाळाचं कडं तेवढं उरतं. १८४२ साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडलं. खात्री पटायला एकशेदहा वर्षं लागली. १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर भोक पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त जाडीच्या चुनखडकाखाली ज्वालामुखीचा दगड लागला. उथळ पाण्यातल्या जीवांची बाराशे मीटरची चवड!

डार्विनने हलवला तो तळ. समुद्राची पातळी स्वतःच किती वरखाली झाली, हे पुढच्या पिढ्यांना कळलं. हिमयुगात पाणी बर्फ होऊन खंडांवर साचतं आणि समुद्र ओसरतो. बर्फ वितळलं की तो चढतो. हा चढउतार मोजायला प्रवाळच कामी आला. कॅरिबियन समुद्रातला ‘अॅक्रोपोरा पाल्माटा’ हा प्रवाळ पाण्याच्या वरच्या पाचेक मीटरांतच जोमाने वाढतो. तो मेलेल्या अवस्थेत शंभर मीटरवर सापडला, तर तो जिवंत असताना समुद्र कुठे होता हे उघड आहे. मग कार्बन किंवा युरेनियम-थोरियमवरून त्याचं वय काढायचं. रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसजवळच्या अशा नमुन्यांवरून १९८९ साली दाखवलं, की हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२१ मीटर खाली होता. तिथून वर येतानाही तो सारख्या चालीने आला नाही. ताहितीच्या प्रवाळावरून असं दिसतं, की सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी साडेतीनशेहून कमी वर्षांत पाणी १४ ते १८ मीटर चढलं. वर्षाला चार सेंटिमीटरहून अधिक.

अशा वेळी प्रवाळ काय करतो? नॉयमन आणि मॅकिंटायर या अभ्यासकांनी १९८५ साली त्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. काही खडक समुद्राच्या बरोबरीने चढतात. काही मागे पडतात आणि समुद्र स्थिरावला की गाठतात. काही हात टेकतात आणि अंधारात बुडतात.

आता मूळ प्रश्नावर येऊ. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेवर ‘ग्रेटशिप माया’ नावाच्या जहाजावरून भोकं पाडली गेली. (नाव वाचून वेदान्त्याला हसू फुटेल.) त्या नमुन्यांवरून सिडनी विद्यापीठाचे जोडी वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली गेल्या तीस हजार वर्षांचा हिशेब मांडला. एवढ्या काळात तो खडक पाच वेळा मेला होता. सुमारे तीस हजार आणि बावीस हजार वर्षांपूर्वी समुद्र ओसरला म्हणून, उघडा पडून. सतरा हजार आणि तेरा हजार वर्षांपूर्वी समुद्र झपाट्याने चढला म्हणून, बुडून. दहा हजार वर्षांपूर्वीच्या पाचव्या मरणात पाण्याच्या चढण्याबरोबर गाळाचा हात होता: पाणी गढूळ झालं आणि प्रवाळ गुदमरला. आज पर्यटक जो पाहतात तो सहावा. पहिला त्याच्याहून खोल, समुद्राच्या बाजूला, कड्याच्या उतारावर पडला आहे.

मग ‘ग्रेट बॅरियर रीफ’ कशाला म्हणायचं? नैयायिकांना विचारलं तर ते वस्त्राचा दाखला देतील: एक धागा काढला की जुनं वस्त्र संपलं, उरलं ते नवं. म्हणजे सहा वेगळे खडक. शंकराचार्यांची हरकत इथे लागू पडत नाही, कारण खडकाला आठवणारा कुणी नाही. आठवण मात्र आहे, आणि तीही वर्षावर्षाची. प्रवाळाच्या सांगाड्यात वाढीचे पट्टे असतात. आठवणारा नसताना टिकलेली आठवण म्हणजे नागसेनाच्या बाजूचाच पुरावा. खडक तोच नाही, दुसराही नाही. प्रत्येक वेळी जवळपास कुठेतरी, कड्याच्या आडोशाला, थोडा प्रवाळ जिवंत उरला. त्याच्या अळ्या पाण्याबरोबर वाहत गेल्या आणि नव्या उथळ जागी चिकटल्या. खडक वर्षाला वीस सेंटिमीटर ते दीड मीटर या चालीने किनाऱ्याकडे किंवा समुद्राकडे सरकत राहिला.

नागसेनाच्या दृष्टान्तात एक अट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्योतीने ज्योत लागत गेली पाहिजे. मध्ये दिवा विझला आणि सकाळी कुणी नवा लावला, तर ती संतती नव्हे. ‘प्रवाळ पाचदा मेला तरी परत आला, निसर्ग सांभाळून घेतो’ असं म्हणणारे ही अट गाळतात. परत यायला त्याला शेकडो, हजारो वर्षं मिळाली होती, आणि शेजारचा दिवा दर वेळी जळत होता.

आपल्या किनाऱ्यावर हा इतिहास कसा घडला? मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे खंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. हिमयुगात तिचा जवळजवळ सगळा भाग कोरडा होता. १९७४ साली तेल लागलेलं मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाण्यात आहे. हिमयुगात तिथून समुद्र दिसलाही नसता. ते तेल ज्या दगडात भरून राहिलं आहे तो दगडही चुनखडकच, मायोसीन काळातल्या उथळ समुद्राने मागे ठेवलेला. शहाडवरून वाहणारी उल्हास तेव्हा वसईला समुद्राला मिळत नव्हती; तिच्या पाण्याला आणखी पश्चिमेचा लांब पल्ला होता. एन. एच. हाशिमी, राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली पश्चिम किनाऱ्यासाठी जो आलेख मांडला, त्यानुसार सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र शंभर मीटर खाली होता आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोहोचला. ठाण्याची आणि वसईची खाडी या त्या चढत्या पाण्याने भरलेल्या नदीच्या दऱ्याच. मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले, कितीतरी मुळांवर उभेच. तिथे समुद्र चढला की जमीन खचली, यावर भूवैज्ञानिकांचं अजून एकमत नाही.

मुंबई आणि सौराष्ट्रासमोर, खंडमंचाच्या बाहेरच्या बाजूला, जुन्या दर्यावर्दी नकाशांत ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणून दाखवलेलं पठार आहे. पन्नास फॅदम म्हणजे साधारण नव्वद मीटर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथल्या तळावर चुनखडक मिळाला: उथळ पाण्यातच घडणारे गोल चुन्याचे कण, चुन्याचं शैवाल, प्रवाळाचे अवशेष. समुद्र खाली असताना तिथे प्रवाळाला हवं ते सगळं होतं. हिमयुगात मान्सूनही दुबळा होता, नद्या कमी गाळ ओतत. पुढे मान्सून जोरावला, समुद्र चढला, आणि त्या पठाराने हात टेकले.

आज कल्याणजवळ प्रवाळ का नाही, याचं उत्तर शहाड-आंबिवली दरम्यानच्या रेल्वे पुलावरून दिसतं. जुलैत लोकलच्या दारातून खाली पाहावं. नदी दुधाच्या चहासारखी असते. शहाड-टेमघर योजनेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘स्टेम’ म्हणतात तिच्यातून, हेच पाणी भिवंडी, ठाणे, मिरा-भाईंदरकडे जातं, आणि तिथे तुरटीशिवाय ते निवळत नाही. समुद्राला तुरटी कोण टाकणार? मुंबईच्या किनाऱ्यावर गोडं पाणी आणि गाळ सोसणाऱ्या निबर जातींच्या विखुरलेल्या वसाहती तेवढ्या आढळतात. भिंत उभी राहत नाही.

इथे परशुराम आठवल्याशिवाय कोकणातला वाचक पुढे जाणार नाही. त्याने समुद्र हटवून ही भूमी मिळवली, अशी कथा. हौशी लोक तिच्यात समुद्रपातळीच्या शास्त्राचा पुरावा शोधतात, पण दिशाच उलटी आहे. हिमयुगानंतरची मोठी हालचाल समुद्र आत येण्याची. त्यानंतर, गेल्या पाच-सहा हजार वर्षांत, तो थोडा वर जाऊन पुन्हा किंचित खाली आला असं काही अभ्यासक मांडतात; कोकणात ज्याला करळ म्हणतात तो शंखशिंपल्यांचा किनारी दगड काही ठिकाणी भरतीच्या रेषेवर दिसतो, तो त्याचा आधार. एवढ्याशा हालचालीवर पुराणकथेचं ओझं टाकू नये. जमीन कुणाची, दान कुणी दिली, कुणाला दिली, हा त्या कथेचा खरा विषय आहे. तिला भूगर्भशास्त्राच्या परीक्षेला बसवण्यात तिचाही मान राहत नाही आणि शास्त्राचाही.

प्रवाळाशी कल्याणचं जुनं नातं निघतं ते व्यापारातून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात भारताच्या पश्चिम बंदरांवर उतरणाऱ्या मालात पोवळं आहे, आणि कल्याणचंही नाव आहे, तिथल्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांच्या तक्रारीसह. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की आपल्याला मोत्याचं तसं भारतीयांना पोवळ्याचं अप्रूप आहे, आणि त्यांचे ज्योतिषी ते संकटनिवारक मानतात. दोन हजार वर्षांनी कल्याणच्या सराफाकडे मंगळासाठी अनामिकेत घालायचं पोवळं मागितलं, तर तो ‘इटालियन आहे’ असंच भाव सांगण्याआधी सांगतो. हे तांबडं पोवळं भूमध्य समुद्रातलं. त्याला शैवाल लागत नाही, ऊन लागत नाही, ते अंधाऱ्या खोल पाण्यातही वाढतं आणि खडक बांधत नाही. ज्याच्या रक्षणाची आज गरज आहे तो प्रवाळ सराफाच्या पेटीत नसतो.

त्याची गाठ मुंबईत पडली ती सागरी किनारा मार्गाच्या कामात. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० साली समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उचलून दुसऱ्या खडकाळ जागी लावाव्या लागल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ २००१ पासून आहे. म्हणजे कायद्याने त्याचा दर्जा वाघाचा. काम काळजीपूर्वक झालं असं मानलं तरी प्रश्न राहतो: हललं ते काय? मूर्ती हलवता येते, कारण प्राणप्रतिष्ठेचा विधी आहे आणि ती मानणारा समाज आहे. प्रवाळाच्या वसाहतीचा प्राण तिच्या जागेत असतो: भरती-ओहोटीचा ओघ, खडकाचा उतार, शेजारचे जीव, अळ्या येण्याजाण्याची वाट. अठरा दगड हलले. संतती हलली का, याचं उत्तर तिथे नवी पिढी धरते की नाही यावरूनच मिळेल. ‘स्थलांतर केलं’ एवढ्यावर फाइल बंद करणं म्हणजे उत्तरपत्रिका न तपासताच गुण देणं.

नागसेनाचा आणखी एक दृष्टान्त इथे लागू पडतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, ‘याने जी कोय लावली ती मी घेतली नाही, हे आंबे वेगळे आहेत, मी चोर नाही.’ राजा मिलिंदालाही कबूल करावं लागतं की तो दोषी आहे, कारण हे आंबे त्या कोयीवाचून आलेच नसते. पुढचा खडक ‘दुसरा’ असेल म्हणून आज केलेल्या नुकसानीची जबाबदारी टळते, असं म्हणणाऱ्याला हाच न्याय लावायला हवा. इथे बौद्ध तर्क भक्ताच्या ‘तोच’पेक्षाही कडक ठरतो. नित्य आत्मा मानणाऱ्याला निदान एवढा दिलासा असतो की काहीही झालं तरी मूळ वस्तू अबाधित आहे. संतती मानणाऱ्याला तो नाही. ओळ तुटली की सगळं संपलं.

ती तुटायला या वेळी समुद्र चढण्याची वाट पाहावी लागणार नाही. आज पातळी वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढते आहे; ताहितीच्या प्रवाळाने त्याच्या दहापट पाहिलं होतं. जोडीला आलेली उष्णता मात्र झेपत नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं घडलं. २०२४ साली जगभरची चौथी लाट जाहीर झाली, तीतही लक्षद्वीप पोळला. पहिल्या दोन लाटांमध्ये सावरायला बारा वर्षं होती, पुढच्यांत सहा आणि आठ.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दिवा जळता ठेवण्याची सगळ्यात मोठी जागा विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे: कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी अँग्रिया बँक. चाळीसेक किलोमीटर लांब, पंधरा रुंद, माथा पाण्याखाली वीस मीटरवर. समुद्र शंभर मीटर खाली होता तेव्हा ते बेट होतं. पाणी माथ्यावरून गेलं, पण नद्यांचा गाळ तिथवर पोहोचत नाही, पाणी नितळ राहिलं, आणि प्रवाळ आजही तिथे जिवंत आहे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळाला १९८७ पासून सागरी अभयारण्याचं छत्र आहे. अँग्रिया बँक बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीपलीकडे असल्याने तिच्याबाबत राज्याच्या वन विभागाचा अधिकार चालत नाही. शब्द केंद्र सरकारचा. आंग्र्यांच्या नावाचा अभिमान सांगणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या खासदाराला मतदारांनी ‘या खडकाचं काय केलं?’ एवढं विचारावं.